अंगुस्तानासारखी नखं

४ मार्च, मंगळवार

सांधे दुखतात म्हणून आलेल्या माणसाच्या कानामागे का बघायचं?

सरांनी आज वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं. मला उत्तर आलं नाही. सांध्यांचे आजार एका वहीत, त्वचेचे दुसऱ्या वहीत — दोन्ही वह्या पाठ आहेत, तरी नाही. सर म्हणाले, "पेशंट दोन वह्यांत विभागून येत नाही." कान तापले माझे.

५ मार्च

सापडलं. सोरायसिस. काही जणांत तो त्वचेपुरता राहत नाही, सांधेही धरतो. आणि चट्टे लपून बसतात — केसांत, कानामागे, बेंबीत. पेशंटलाच पत्ता नसतो. नखांवर बारीक खड्डे पडतात, अंगुस्तानावर असतात तसे. पुस्तकात चक्क हीच उपमा आहे — शिवताना बोटात घालायची टोपी! जिच्या घरात दिवसभर शिलाई मशीन चालतं, तिनं तरी हे विसरू नये.

७ मार्च, शुक्रवार

आई माझं पाठांतर घेते. म्हणजे वही हातात धरून बसते. इंग्रजी तिला येत नाही, पण मी अडखळले की बरोबर पकडते. "इथं थांबलीस," म्हणते, आणि तिथंच चूक निघते.

आज पाठ म्हणून दाखवत होते, या संधिवातात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडलेले राहतात. आई सहज म्हणाली, "अर्धा तास कसला? माझा तर दहा वाजेपर्यंत सुईत दोरा जात नाही."

माझी नजर तिच्या हातांवर गेली.

"थांबलीस," आई म्हणाली.

मी वहीवरचा तिचा अंगठा बघत होते. नखावर खड्डे. बाजूची दोन नखंही तशीच. मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलेलं. केस बघू दे म्हटलं तर म्हणे, कोंडा आहे गं, काय बघायचंय त्यात. कोंडा नाही तो. जाड पांढरे पापुद्रे, खाली लाल कातडी. कानामागेही.

तीन वर्षांपूर्वी तिनंच विचारलं होतं — कोंडा जात नाही, काय करू? मी शाम्पूचं नाव सांगून मोकळी झाले. तिनं "कोंडा" म्हटलं, मीही कोंडाच ऐकला. डोक्याला हातसुद्धा लावला नाही.

९ मार्च, रविवार

जेवताना सांगितलं. सगळे हसले. दोष माझाच. हृदय वाचत होते तेव्हा माझ्या मते बाबांची झडप बिघडली होती. मेंदू वाचायला घेतला तेव्हा दादा आठवडाभर मामाकडे जाऊन राहिला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट अडकल्यावर तक्रार येते. तू चालत्या लिफ्टला कुलूप लावतेस."

एकटी आई हसली नाही. नंतर भांडी घासताना मी तिला समजावलं, हा आजार कुणाला लागत नाही, औषध आहे. तिनं ऐकून घेतलं.

"तुला ठाऊक आहे. माप द्यायला येणाऱ्या बायकांना कोण सांगणार?"

मग नेहमीचं — परीक्षा होऊ दे तुझी, मग बघू. परीक्षेला सात आठवडे आहेत. नंतर निकाल, नंतर आणखी काही निघेलच. झिजलेला सांधा पुन्हा भरून येत नाही हे मी कालच लाल शाईनं अधोरेखित केलंय.

११ मार्च

बटण लावताना सुई तीनदा पडली तिच्या हातातून. मी पुस्तकात बघत असल्यासारखी बसले होते.

१३ मार्च, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. विचारलं, मीच गोळ्या सुरू करून देऊ का? चिडले. रक्त तपासल्याशिवाय ही गोळी कुणालाच द्यायची नाही, आणि स्वतःच्या आईला तर मुळीच नाही. घेऊन ये तिला, म्हणाले.

घेऊन ये! येते का ती? या घरात अजून कुणी पदवी पाहिलेली नाही. माझी परीक्षा म्हटलं की आईला ताप येत नाही, दाढ दुखत नाही, काही होत नाही. माझ्या परीक्षेसाठी ती काहीही करेल.

काहीही.

संध्याकाळी पुन्हा सरांना गाठलं. त्यांनी माझा बेत ऐकून घेतला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

१४ मार्च

आईशी खोटं बोलले. म्हटलं, परीक्षेआधी प्रत्येकीनं आपला एक पेशंट सरांना दाखवायचा असतो, आणि मला कुणी मिळत नाहीये. तिनं मशीनवरचं शिवण अर्ध्यात सोडलं. "आधी सांगायचंस ना," म्हणाली, आणि चपला घातल्या.

सरांनी नखं पाहिली, केस पाहिले, एकेक बोट दाबून पाहिलं, रक्त द्यायला सांगितलं. आईनं सगळं निमूट करू दिलं. निघताना दारातून वळली.

"पास झाली का हो ती?"

सर चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "झाली."