त्या मौनाची मालकी

माणूस मेल्यावर त्याला चुकून मिळालेली शाबासकी कोणाच्या वाट्याला जाते? नगरपालिकेत वारसांच्या खिडकीवर बसूनही मला याचं उत्तर देता येत नाही.

मी, इशिझुका शिओरी, वय सत्तावीस, राहणार सादो बेट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे स्वहस्ते लिहीत आहे. आई म्हणाली, "आधी लग्नाचं बघ, मग मरणाचं." दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात, असं मी तिला सांगितलं.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती स्वतःवरच खर्च करावी.

२. सायकल धाकट्या भावाला, र्‍योहेईला. घरातली पहिली पदवी म्हणून त्याने माझा पदवीदानाचा फोटो देवघरात दिवंगत आजोबांच्या फोटोला लागून ठेवला आणि मीच गेले असं समजून शेजारी उदबत्त्या घेऊन सांत्वनाला आले. याबद्दल त्याला माफ केलं आहे.

३. मुखवटे घालून करायच्या नोह नाटकाची माझी वही आणि पंखा चिनात्सुला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

नववीत देवळाच्या रंगमंचावर मुख्य भूमिका माझी होती. वर्गमैत्रीण चिनात्सु माझी पाठराखीण. पात्र अडलं तर मागून हळूच ओळ सांगायची, कोसळलं तर उरलेलं नाटक स्वतः पूर्ण करायचं, हे तिचं काम. "वाट बुजली, तरी पावलांना गाव आठवतं" या ओळीपाशी मी कोरी झाले. तिने ओळ सांगितली, पण मुखवट्याआड मला माझाच श्वास ऐकू येत होता. तिसऱ्या खेपेला ऐकू आली.

गावाने त्या मौनाला कला मानलं. नाटक बसवणाऱ्या होन्मा सरांनी डोळे पुसले आणि त्याच जोरावर पुढे विद्यापीठासाठी शिफारस लिहिली. मी गप्प राहिले. चिनात्सु भातशेतीत राहिली, आणि आजही रंगमंचावर मागेच बसते. ती ओळ कानावर आली की शाळेची गार फरशी आठवते, आणि एका वहीवर डोकी टेकवून पाठांतर करणाऱ्या आम्ही दोघी.

४. जूनच्या उत्सवात मुख्य भूमिका पुन्हा मलाच मिळाली, त्या मौनासाठी. माझ्या पश्चात ती चिनात्सुला जावी, असं लिहायला घेतलं. पण मी नव्वदीला मेले तर तिने करायची कधी? म्हणून काल तालमीत सगळ्यांसमोर खरं सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं आम्ही विसराळूपणाचे गोडवे गायले."

चिनात्सु म्हणाली, "तीनदा सांगितलं होतं, बहिरे. ढोलवाल्यांनासुद्धा पाठ झालं."

भूमिका कालच तिच्या नावावर झाली आहे. ती माझ्या मालमत्तेत धरू नये.

साक्षीदार (कायद्याने लागत नाहीत, सरांचा आग्रह): होन्मा तोकुजी, वातानाबे किनुए (ढोलवाल्यांपैकी)
सही व शिक्का: इशिझुका शिओरी
सादो, ११ मे २०२४