आत्याच्या क्लचची खरी हकीकत

चि. खुडबुड्या यास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? सूनबाईचा खोकला गेला का, आणि लेकीचे पुढचे दात आले का? (आले नसतील तर घाबरू नकोस, दातांबद्दल हल्ली माझ्याकडे बरीच माहिती जमली आहे.) मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि माझा धागा तुटतो. शिवाय तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर, आणि दादा, म्हणजे तुझे तीर्थरूप आणि माझा थोरला भाऊ, पलीकडे पेपर वाचायचं सोंग करून शब्द न् शब्द टिपतो. म्हणून हे पत्र. माझ्याबद्दल आणि एका अस्वलाबद्दल त्याच्या कानावर एव्हाना काहीतरी गेलं असणारच. तो घर डोक्यावर घेण्याआधी खरा प्रकार तुला कळलेला बरा. तू मोटारसायकलींच्या कारखान्यात आहेस, तेव्हा क्लचपुरतं तरी मला समजून घेशील.

तर झालं असं. शाळेच्या नाटकासाठी मी अस्वलाचा पोशाख शिवत होते, तोही मुलाच्या नाही, मास्तरांच्या मापाचा. खोटी फर म्हणजे भारी हट्टी कापड. घडी घातली की वळ्या पडतात आणि अस्वल आजारी दिसायला लागतं. म्हणून शाळेत मापाला नेताना मी तो पोशाख माझ्या शिवणाच्या पुतळ्यालाच चढवला आणि पुतळा माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधला. (पुतळ्याला मुंडकं नसतं. अस्वलाचं मुंडकं हँडलला लटकवलं होतं. रस्त्यावरच्या लोकांना ते जरा विचित्र दिसलं असेल, हे मला मान्य आहे.) शाळेचा चढ लागला, मी अॅक्सिलेटर पिळला, आणि इंजिन असं बोंबललं की वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. पण गाडीला त्याचं काहीच नाही! आवाज विमानाचा आणि चाल गोगलगाईची. एक काठी टेकत चाललेले आजोबा मागून आले, माझ्या बाजूने पुढे गेले, वळून अस्वलाकडे बघितलं, आणि पावलांचा वेग आणखी वाढवला. शेवटी मी उतरले, गाडी वळवली आणि अस्वलासकट उतारावरून घरंगळत परत आले. नाटक शनिवारी होतं आणि त्या चढाखेरीज शाळेला दुसरा रस्ता नाही.

खाली अंगणात गाडी लावतेय तोवर तळमजल्यावरचे डॉक्टर सपाता ओढत बाहेर आले. डॉक्टर म्हणजे दातांचे. आता दवाखाना बंद करून घरी असतात, एकटेच. पण सवय गेलेली नाही. गाडीपुढे उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "कधीपासून त्रास आहे? चढताना होतो की उतरतानाही?" मी म्हटलं, चढताना. मग त्यांनी क्लचची दांडी दाबून बघितली, सोडली, परत दाबली, आणि गंभीर होऊन म्हणाले, "केबल ताणली गेलीय. दांडीला जरा ढील हवी, नाहीतर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो." बोलणं अगदी बरोबर होतं, तुझ्याच तोंडचं वाटावं असं. फक्त डॉक्टरांनी ढील एवढी दिली की आता दांडी पार मुठीपर्यंत दाबली तरी क्लच सुटेचना. हे कळलं ते डॉक्टर स्वतः गाडीवर बसून पहिला गिअर टाकल्यावर. गाडीने जी उडी घेतली ती थेट मेंदीच्या कुंपणात. मी धावत गेले. आतून डॉक्टरांचा शांत आवाज आला, "लक्षण बदललं बाई. म्हणजे उपचार लागू पडतोय."

केबल मग त्यांनी जागेवर आणली, पण दुखणं तसंच. तेव्हा त्यांनी ठरवलं की पेशंट उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. अंगणात धूळ, म्हणून इंजिनाच्या बाजूचं झाकण, क्लचच्या प्लेटा, स्प्रिंगा असं सगळं माझ्या शिवणाच्या खोलीत, माझ्या कटिंगच्या टेबलावर आलं. ऑइल मी कापड रंगवायच्या घमेल्यात काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी पांढरा अॅप्रन घातला, कपाळाला दिवा बांधला, आणि तो दात बघायचा छोटा गोल आरसा घेऊन एकेक प्लेट न्याहाळू लागले. (एकदा खाली जाऊन रिकाम्या इंजिनात आरसा घालताना त्यांच्या तोंडून "जरा मोठा आ करा" असं निघून गेलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.) प्लेटा जळलेल्या नव्हत्या, झिजलेल्याही नव्हत्या. झाकण काढताना मात्र झाकण आणि इंजिन यांच्यामधलं कागदी पॅकिंग फाटलं, आणि तसं नवीन कुठे मिळेना. तेव्हा मी जाड कागद घेतला, त्यावर झाकण ठेवून खडूने कड आखली आणि माझ्या कात्रीने नवीन पॅकिंग कापलं, भोकांसकट. डॉक्टर ते उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत राहिले. असं बाहीचं माप माझ्या कुठल्या गिऱ्हाइकाने कधी बघितलं नाही रे.

हे सगळं काही एका बैठकीत झालं नाही. डॉक्टर रोज संध्याकाळी वर यायचे, चहा व्हायचा, एखादी प्लेट पुसून व्हायची. एकदा प्लेट पुसता पुसता ते म्हणाले, "जन्मभर माणसं माझ्यापुढे तोंड उघडून बसली, पण बोललं कोणीच नाही. तुम्ही बोलता." मी अस्वलाच्या डाव्या कानाला टाके घालत होते, ते तीनदा उसवले.

आणि मग शुक्रवारी, घमेल्यातल्या ऑइलमध्ये बोट बुडवून ते दोन बोटांत चोळताना डॉक्टर एकदम थांबले. चेहरा उतरला. तडक खाली गेले आणि एक डबा घेऊन वर आले. तुला आठवत नसेल, पण मागे माझ्या गाडीचं ऑइल बदलायचं होतं, तेव्हा "मी करतो" म्हणून त्यांनीच ते बदललं होतं. त्यांच्या स्वतःच्या मोटारीसाठी आणलेलं, उत्तमातलं, महागडं ऑइल. आणि माझ्या मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला. मोटारीच्या त्या गुळगुळीत ऑइलमुळे प्लेटा एकमेकींना धरतच नव्हत्या, नुसत्या घसरत होत्या. डॉक्टर डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "निदान झालं बाई. रोगजंतू मीच आहे." आणि असे खुर्चीत बसले की जणू दाढ काढून घ्यायला आलेत. मी त्यांना दुसरा चहा दिला.

शनिवारी सकाळी योग्य ते ऑइल आणून, प्लेटा त्यात भिजवून, सगळं बंद केलं. एकही नट उरला नाही! पण गाडी चढावर नीट चालते की नाही ते बघायला डॉक्टरांना मागे बसायचं होतं, आणि पोशाखही तेव्हाच पोचवायचा होता. पुतळा आणि डॉक्टर दोघं एका सीटवर मावेनात. घडी घालायची सोय नाही. तेव्हा डॉक्टरांनीच पोशाख अंगात घातला. (उपाय माझा. अपराधी वाटत होतं त्यांना, नाही म्हणायची सोय नव्हती.) खुडबुड्या, काय चढली गाडी! वाऱ्यासारखी! अस्वल मागून "क्लच धरतोय! क्लच धरतोय!" असं ओरडत होतं आणि मला घट्ट धरून बसलं होतं. नेमके त्याच वेळी दादाचे पत्ते खेळणारे मित्र, ते टकलू, चौकात उभे. मी हात केला. अस्वलानेही केला. पुढचं तुम्हाला त्यांच्याकडून कळलंच असेल. नाटक छान झालं, पोशाखाला एक वळी नव्हती.

तर एवढीच हकीकत. शुद्ध यंत्राची बाब. दादाला तशीच सांग.

तुझी,
आत्या

ता. क. : शाळेच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर अस्वलाने मुंडकं काढून मला एक प्रश्न विचारला आणि मी हो म्हणाले. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करतोय. दादाला हे तू सांगायचं आहेस, त्याचं जेवण झाल्यावर आणि हाताशी पेपर नसताना. तो "या वयात?" म्हणेल. म्हणू दे. मग साक्षीदाराच्या सहीला त्यालाच घेऊन ये. त्याच्यासाठी नवा सदरा मी शिवून ठेवला आहे, मापं जुनीच धरली आहेत, पोट जरा सैल ठेवलंय.

ता. क. दुसरा, फक्त तुझ्यासाठी : मोटारीचं ऑइल या गाडीत घालू नकोस असं तू मला गाडी घेतली त्या दिवशीच बजावलं होतंस. डॉक्टर अंगणात ते ओतत होते तेव्हा मी वरून डबा स्पष्ट बघितला होता. पण माणूस इतक्या मनापासून ओतत होता की थांबवावंसं वाटलं नाही, आणि क्लच बिघडला तर दुरुस्तीला तेच वर येतील हेही सुचलं. (चढावर, अस्वलासकट बिघडेल असं मात्र वाटलं नव्हतं.) हे त्यांना कधी कळू देऊ नकोस. सारा दोष आपला असं समजून ते सध्या रोज माझी गाडी पुसतात आणि चहाचे कपही विसळून ठेवतात. चांगली लागलेली सवय मी लग्नाआधीच कशाला मोडू?