दसऱ्याच्या सुया

अहो,

याखेरीज दुसरी हाक मी तुम्हाला कधी मारली नाही, तेव्हा पत्रातही तीच. आज मळ्यातलं इंजिन चाललं. दुपारभर चाललं. आणि माझ्या हरवलेल्या सुयाही सापडल्या. या दोन्ही गोष्टींबद्दल तुम्हाला जाब विचारायचा आहे, पण समोर बसवून विचारायची सोय राहिली नाही, म्हणून लिहायला बसले. उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण तुम्ही असतानाही सरळ उत्तर कुठं द्यायचात?

तुम्ही भाद्रपदात गेलात तेव्हा भात पोटरीला आलं होतं आणि पाणी वरून मिळत होतं. इंजिनाची आठवण कुणाला होणार? भात कापून झालं, मिरची-वांग्यांना विहिरीचं पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा खालापूरहून भाऊजी आले. तुमचा भाऊच तो, अंगावरचा कोटसुद्धा न काढता त्यांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. आम्ही हसलो. पाट अर्धा भरला नाही तोच ते घुटमळलं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच.

भाऊजी हात पुसत म्हणाले, "वहिनी, याचा जीव गेला. खालापुरात एक गिऱ्हाईक आहे, मोडीच्या भावानं का होईना, घेईल. मळा अर्धेलीनं देऊन टाकू. तुम्ही आमच्याकडे या. इथं कडावात एकट्या काय करणार?"

"इंजिन दुरुस्त करीन."

"वहिनी, इंजिन म्हणजे चूल नव्हे."

"नव्हेच. चूल एखादे दिवशी पेटली नाही म्हणून कुणी ती मोडीत काढत नाही."

ते हसले, पण गाडी ठरवूनच गेले. संक्रांतीला बैलगाडी घेऊन येतो म्हणाले, तोवर चाललं तर ठीक. भाऊजी चांगले आहेत. त्यांच्या घरी मला खोली मिळाली असती, मानही मिळाला असता. पण सकाळी उठून, कुणाला न सांगता, दार उघडून बाहेर पडणं मिळालं नसतं. तुम्हाला हे समजावून सांगायला लागू नये.

सुरुवात मी घंटेपासून केली. मळ्यातल्या इंजिनाच्या शेडपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तुम्ही तार ओढली होती ना, तिकडं बटण दाबलं की इकडं माझ्या डोक्यावर किणकिणाट! एकदा दाबलं तर "फडकं पाठवा", दोनदा दाबलं तर "चहा". फडकं फार वेळा लागलेलं मला आठवत नाही. तुमच्यामागं ती घंटा मुकी झाली होती. इंजिनाला हात लावायच्या आधी एक सोपी गोष्ट उलगडून पाहावी असं मी ठरवलं. शाळेत मुलींना शिकवतानाही मी अपूर्णांकांच्या आधी पूर्णांकच घ्यायची.

तार धरून चालत गेले. ती फडताळामागं गेली आणि थेट तिथल्या काचेच्या बरण्यांत शिरली! इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही तिथं लिंबाचं लोणचं मुरायला ठेवलं आहे आणि खराब झालं म्हणून सांगत नाही. आत जस्ताची कांडी, मधोमध काळा कोळशाचा दांडा, पाणी आटलेलं आणि काठावर पांढरी खार. बोटाला लावून जिभेवर टेकवली. (रागवू नका, तुम्हीही तेच केलं असतंत.) खारट-तिखट चव ओळखीची वाटेना. मग कल्हईवाला आला. तो तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकात जो झणका जातो, तो आला आणि मला उलगडलं, ही घंटेची बॅटरी, नवसागराच्या पाण्यावर चालणारी. त्याच्याकडूनच मूठभर नवसागर मागून घेतला.

"बाई, भांडी घरीच करणार काय कल्हई?" तो म्हणाला.

"घंटेला पाजणार आहे."

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं लोक तुमच्याकडे पाहायचे. मला बरं वाटलं. पाण्यात नवसागर विरघळवला, बरण्या भरल्या, तारेची टोकं सुरीनं खरवडली. बायजा शेडमध्ये बटणापाशी उभी होती. घंटा वाजली आणि हातातली सुरी पडली माझ्या.

बायजा म्हणजे आपल्या गड्याची, धोंडूची बायको, तुम्हाला काय सांगायचं. पण तिच्याशिवाय हे काम झालं नसतं, म्हणून तिचं नाव इथं लिहून ठेवते. हँडल ती मारायची, मी बघायची. ठिणगी पडते का हे पाहायला मी प्लग काढून हातात धरला आणि तिनं जोरात फिरवलं.

"काय झालं, बाय? चावला?"

"चावला."

"मग जिता हाय गं तो! मेलेला कुटं चावतो?"

बरोबर होतं तिचं. ठिणगी होती. मग बिघाड कुठं? पेट्रोल कुपनावर मिळतं तेवढंच, म्हणून सुरुवातीला वाटीभर पेट्रोल आणि मग कॉक फिरवून घासलेट, ही तुमची रीत मी बघून बघून पाठ केली होती. पेट्रोलवर इंजिन छान चालायचं. घासलेटवरही चालायचं, थोडा वेळ. मग घुटमळायचं. मी नळी सोडवून फुंकली, गाळणी धुतली, घासलेट फडक्यातून गाळलं. तोंडाला दोन दिवस घासलेटचा वास. जेवणावरची वासना गेली. इकडं मिरचीची पानं दुपारी मान टाकायला लागली होती. धोंडू आणि बायजा कळशांनी पाणी घालत होते, ते कुठवर पुरणार?

एक गोष्ट मात्र मला राहून राहून खटकत होती. बंद पडलं की मी टाकीचं टोपण उघडून घासलेट किती उरलं ते बघायची. टोपण लावून हँडल मारलं की ते पुन्हा चालायचं. न उघडता मारलं की ढिम्म. टोपण उघडण्याशी इंजिनाचा काय संबंध? मी नुसतं डोकावून पाहिलं म्हणून त्याला हुरूप येतो की काय!

उत्तर स्वयंपाकघरात मिळालं. नवा घासलेटचा डबा फोडताना मी सवयीनं एका कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं. का पाडतो आपण दुसरं? वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, नुसतं बुडबुडत अडतं, म्हणून. हातोडी तिथंच ठेवून मी मळ्यात गेले. धावत गेले म्हटलं तरी चालेल. पाहायला कुणी नव्हतं.

इंजिनाचं ते पितळी टोपण नीट पाहिलं. वर बोटभर जाडीचा वाळलेला कुंकवाचा टिळा, त्यात घट्ट रुतलेल्या अक्षता. भोक कुठंच नाही. उलटं करून पाहिलं, तर आतून मधोमध बारीकसा ठिपका! कंपनीनं वाऱ्यासाठी भोक ठेवलेलं, आणि बरोबर त्याच्यावर खंडेनवमीची पूजा.

यंदा आपल्या घरात सण नव्हता. मी बायजेला म्हटलंही होतं, इंजिनाची पूजा नको. तिनं ऐकलं नाही. "सण तुमचा नाय, बाय. इंजानाला कशापायी उपाशी ठेवायचं?" म्हणाली होती.

टिळा खरवडला. भोकात घालायला केसाचा आकडा जाड होत होता. टोपण पुसायला म्हणून खांबाला अडकवलेलं तुमचं काळं फडकं ओढलं, आणि त्याच्या मागं, सागाच्या खांबात, ओळीनं खोचलेल्या सुया!

माझ्या सुया. वरच्या गंजलेल्या, खालच्या अजून चकचकीत, आणि शेवटच्या काहींच्या टोकाला वाळलेलं कुंकू. एकीच्या नेढ्यात तर पडद्यांना वापरलेला माझा निळा दोरा तसाच! दर दसऱ्यानंतर माझ्या डब्यातली एक सुई नाहीशी व्हायची. मी घर डोक्यावर घ्यायची, आणि तुम्ही पान लावत म्हणायचात, "मास्तरीणबाई, सीमोल्लंघनाला गेली असेल." आठवतं?

सांगायचंत ना हो! सुयांची मला कमी होती का? एक जाड सुई मी स्वतः तुम्हाला काढून दिली असती. आणि बायजेला नुसतं म्हणायचंत, टिळा चाकाला लाव. एका वाक्याचं काम. त्याऐवजी ते भोक मोकळं करायला दरवर्षी चोरी?

त्यातल्याच एका सुईनं मी भोक मोकळं केलं, ती होती तिथं परत खोचली आणि तेच वाक्य बायजेला सांगायला निघाले. आधी सहज विचारलं, "बायजे, टिळा तू टोपणालाच का गं लावतेस?"

"मंग? कपाळ हाय ते त्याचं. टिळा कपाळाला नाय तर काय पायाला लावायचा?" ती हसली. "मालक म्हनायचं, बायजे, तुझ्या टिळ्याबिगर इंजान चालायचं नाय. औंदा मालक नाय, म्हनून मी जरा दाट लावला. त्याला एकटं वाटू नये."

मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. वर्गात चुकीचं उत्तर मी कधी खपवून घेतलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण हे उत्तर चुकीचं आहे हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्हालाही हेच झालं होतं का? पहिल्याच वर्षी? की सांगायला गेलात आणि तिनं असंच काही म्हटलं? हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

आज भाऊजी गाडी घेऊन आले. मी त्यांच्यादेखत इंजिन सुरू केलं. ते म्हणाले, "सुरू तेव्हाही झालं होतं, वहिनी." बरोबर होतं. मी बायजेला बटणापाशी बसवलं, बंद पडलं तर घंटा दाब म्हणून सांगितलं, आणि भाऊजींना घरी आणलं. वारा उलटा होता, इंजिनाचा आवाज ऐकू येत नव्हता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात त्या घंटेकडे बघत बसलो. भाऊजींनी तिळाची वडी हातात घेतली ती तशीच हातात राहिली. मी तांदूळ निवडायला घेतले आणि निवडलेल्यात न निवडलेले मिसळले.

घंटा वाजली.

भाऊजी उठले. टोपी घातली.  आम्ही बांधावरून निघालो. चिंचेपाशी आलो तर धकधक धकधक ऐकू यायला लागलं. पाट काठोकाठ वाहत होता. बायजा शेडच्या दारात ऐसपैस बसलेली.

"काय झालं गं? घंटा का दाबलीस?"

"दोनदा दाबली की! मालक चहाला दोनदाच दाबायचं ना?" ती म्हणाली. "गाडीवानदादा कवाचा बसलाय. तुमी बंद पडल्यावर दाब म्हनलात. चहाला दाबू नको, आसं कुटं म्हनलात?"

दुसरा ठोका मला ऐकूच आला नव्हता. भाऊजी इतके हसले की त्यांना खांबाला टेकावं लागलं. त्याच खांबाला. फडकं मी परत लावून ठेवलं होतं. हसून झाल्यावर त्यांनी इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाले, "दादा असाच चहा मागवायचा." मग गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं. गाडी रिकामी धाडायची नाही म्हणून मी वांगी भरून दिली. मला खालापूरला चला असं ते पुन्हा म्हणाले नाहीत.

आणखी एक. शेडमधून एक वेगळीच तार निघते, आंब्यावर चढते आणि शेंड्याला जाऊन संपते. तिला घंटा नाही, दिवा नाही, काही नाही. लोक रेडिओसाठी अशी तार बांधतात म्हणे. मला न विचारता रेडिओ आणायचा बेत होता की काय तुमचा? कुठला? कधी? मी शोधून काढणार आहे.

येत्या दसऱ्याला बायजा टिळा लावील, आणि कपाळालाच लावील. मी तिला काही सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी ती भात झोडायला गेली की मी माझ्या डब्यातली सुई घेऊन जाईन, भोक मोकळं करीन आणि सुई तुमच्या ओळीत, तुमच्या शेवटच्या सुईच्या खाली खोचीन. मग घरी येऊन डबा उघडीन, एक सुई कमी दिसेल, आणि या खेपेला कुणावर ओरडणार नाही. हे वचन.

तुमची,
मास्तरीणबाई