तोंड मिटून दिलेलं मत

प्रिय बाबा,

जयपूरहून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर मी दोनच वाक्यं बोलते अशी तुमची तक्रार असते, म्हणून लिहिते आहे.

इथे देशोदेशींचे इंजिनिअर जमले आहेत. इंटरनेटचा कारभार फक्त सरकारांनी पाहायचा की इंजिनिअर आणि वापरणाऱ्यांसह सगळ्यांनी मिळून, यावर वाद आहे. मला दुसरं पटतं. पण शेजारी आमच्या सरकारी खात्याचे साहेब, कुलश्रेष्ठजी, बसले होते. ‘तनयाजी, हाथ मत उठाना,’ ते हळूच म्हणाले. माझी नेमणूक वाढवायची की नाही, ते तेच ठरवणार आहेत.

हात वर करायचेच नव्हते. या लोकांत मतं मोजत नाहीत. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. आपली बाजू पुकारली की तोंड मिटून गुणगुणायचं, आणि त्या आवाजावरून त्या कल ठरवणार.

आधी सरकारांची बाजू घुमली. मग दुसरी. बाबा, तो आवाज जमिनीतून वर आल्यासारखा वाटला. खुर्चीचा हात थरथरत होता. कोण कुठल्या देशाचं, काही कळेना. ही रीत मी वाचली होती, पण ती अशी असेल असं वाटलं नव्हतं.

त्यात माझाही आवाज होता.

नंतर चहा घेताना कुलश्रेष्ठजी म्हणाले, ‘सुर तो पक्का है आपका.’ ते हसत होते का, मला सांगता येत नाही.

नेमणुकीचं कळेल तेव्हा कळेल. गणपतीत मी आरतीला गप्प उभी राहते म्हणून तुम्ही चिडवता. यंदा म्हणेन.

तुमची,
तनया