तिसरा आग्रह

डुलुथ, मिनेसोटा
एप्रिल संपत आला (बर्फ आहे)

आदरणीय आणि अजिबात म्हातारी न झालेल्या लोरेटा आत्यास,

एक बूट पायात आणि एक हातात अशी मी आर्लीनबाईंच्या दारात उभी होते, तेव्हा तुझा फोन वाजला. उचलला नाही. इथे दारातला निरोप हा वेगळा कार्यक्रम असतो. आधी टेबलापाशी "निघते" म्हणायचं, मग उठून म्हणायचं, मग दारात, आणि शेवटी गाडीची काच खाली करून. त्यात मध्येच फोन घेणं म्हणजे भर लग्नातून उठून जाणं. फोन घेतला असता तर आज तुला काहीतरी भलतंच सांगितलं असतं, म्हणून झालं ते बरंच झालं. तुझा गुडघा कसा आहे? साल काका अजून गच्चीवर अंजिराचं झाड गोणपाटात गुंडाळून ठेवतात का? मी मजेत आहे. वजन वाढलं आहे. त्याचं कारण पुढे येईल.

तू दर वेळी विचारतेस की ब्रुकलिन सोडून मी त्या बर्फात नेमकं काय करते. मी वेष्टनांची डिझाइनं करते. जंगली तांदळाच्या पिशव्या, चर्चच्या पाककृतींची पुस्तकं, गळाला लावायच्या गांडुळांचे डबे. स्टुडिओ आर्लीन नायगार्ड यांचा. त्या बासष्टीच्या पुढच्या आहेत, उंच आहेत, आणि हवामान सोडून कुठल्याही विषयावर मत देत नाहीत. गांडुळांच्या डब्याचं माझं पहिलं चित्र पाहून त्या म्हणाल्या, "वेगळं आहे." मी आनंदाने तुला फोन केला होता, आठवत असेल. दुसरं चित्र पाहूनही तेच म्हणाल्या. तिसऱ्याला "वाईट नाही" म्हणाल्या, तेव्हा मी घरी जाऊन रडले. नंतर कळलं की रडायचं पहिल्या दोन वेळी होतं, आणि "वाईट नाही" ऐकायला इथली माणसं अर्धं आयुष्य थांबतात.

पण मुख्य गोष्ट आग्रहाची. नोकरीसाठी भेटायला आले त्या दिवशी आर्लीनबाईंनी विचारलं, कॉफी घेणार का, आणि मी घेईन म्हटलं. त्यांचे यजमान व्हर्लिन काहीतरी दुरुस्त करत होते, त्यांनी पेचकस खाली ठेवला. इथे पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "छे, उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर मनापासून विचारलं, मग "बरं, थोडीशीच" म्हणायचं. पहिल्याच फटक्याला हो म्हणणाऱ्या माणसावर काहीतरी संकट आलेलं असतं. माझ्यावर आलेलं आहे असं धरून आर्लीनबाईंनी आठवडाभर घरी हॉटडिश पाठवली. (खिमा, बटाटे आणि डब्यातलं सूप एका भांड्यात भाजतात. चांगली लागते. रोज नाही.) आपल्या घरात तू तिसऱ्यांदा पास्ता ताटात घालतेस आणि विचारतेस नंतर, त्यामुळे मला हे अंगवळणी पडायला एक अख्खा हिवाळा लागला. पण पडलं. इतकं पडलं, की त्याचीच आता शिक्षा होणार होती.

झालं असं. यंदा आर्लीनबाईंना कामातून मोकळं व्हायचं आहे. फेब्रुवारीत एकदा खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "हे सगळं कोणीतरी सांभाळायला हवं. तुला काय, तुझे बेत असतील." मी नाही म्हटलं, मला कुठे जमणार. मार्चमध्ये पुन्हा म्हणाल्या, "तुला जमलं असतं म्हणा." मी म्हटलं, छे, तुमच्यासारखं कुणाला येणार. आत्या, मला तो स्टुडिओ हवा होता. कधी नव्हे ते काहीतरी इतकं हवं होतं, की सकाळी कुलूप उघडताना हात हळू चालायचा. दोन वेळा रीतसर नाही म्हणून झालं होतं, आणि मी तिसऱ्याची वाट बघत बसले होते.

तेवढ्यात मिनिआपोलिसचं संमेलन आलं. आमच्या धंद्यात दर वर्षी हे असतं. सगळे काळे कपडे घालून येतात, गळ्यात नावाची पट्टी अडकवतात, आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून काढून टाकतात. सकाळी एक गृहस्थ म्हणाले की डिझाइन म्हणजे दुसऱ्याचं दुःख जाणणं. जेवणाच्या रांगेत ते माझ्या पुढे घुसले. आर्लीनबाई दर वर्षी पहिल्या रांगेत बसून लोकरीचं विणतात आणि घरून आणलेली कॉफी पितात.

दुपारचं मोठं भाषण न्यूयॉर्कच्या स्टुअर्ट लिपकिन यांचं होतं. विषय, रिकाम्या जागेचं मोल. पडद्याकडे पाठ करून ते फार छान बोलले. अडचण एवढीच होती की यंत्र बिघडल्यामुळे पडद्यावर काहीच येत नव्हतं. ते "हे बघा" म्हणायचे आणि अख्खं सभागृह पांढऱ्या पडद्याकडे बघायचं. कोणी हात वर केला नाही. माणूस रंगात आलेला असताना त्याला अडवणं इथे बसत नाही. त्यातून विषयच असा, की हेच दाखवायचं असेल तर? शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "वेगळं होतं."

जेवणाच्या टेबलापाशी मला राहवलं नाही. (ते आपल्या घरचं रक्त.) मी लिपकिनना सांगितलं की तुमचा पडदा कोरा होता.

"कधी?" ते म्हणाले.

"सगळा वेळ."

"आणि कोणी बोललं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग हसले. "तू इथली नाहीस. कुठली? ब्रुकलिनमधलं बेन्सनहर्स्ट? अगं, मग या थंडीत काय करतेस? माझ्याकडे ये. खरं तोंडावर सांगणारं माणूस मला हवंच आहे. सोमवारी येतेस?"

आणि मी, हातात बशी घेऊन, अगदी गोड आवाजात म्हटलं, "छे छे, उगाच तुम्हाला त्रास."

"बरं," ते म्हणाले, आणि माशाकडे वळले.

झालं. न्यूयॉर्कचा माणूस एकदा विचारतो. तू रागावशील, पण मला खरंच नको होतं, फक्त मी नको म्हणून नको म्हटलं नव्हतं, तोंडाला सवय लागली म्हणून म्हटलं होतं. आणि माझ्या मागे, हातात थर्मास घेऊन, आर्लीनबाई उभ्या होत्या.

परतीच्या वाटेवर त्या रस्ताभर बोलल्या. हरणं आडवी येतात, लक्ष ठेव. तळ्याचा बर्फ यंदा उशिरा निघणार. ओल्सेनांनी कोठाराला तांबडा रंग दिला, पण तो जरा जास्तच तांबडा झाला. स्टुडिओचं नाव नाही. मी दोन वेळा आपणहून म्हटलं की पुढच्या वर्षी खिडकी बदलायला हवी. त्या म्हणाल्या, "ते ज्याचं तो बघेल." त्यांच्या घरी पोचल्यावर कॉफी झाली, लिंबाच्या वड्या झाल्या. शेवटची वडी कोणी उचलत नाही, तिचे तुकडे करत जातात. मी निघाले तेव्हा बशीत नखाएवढा तुकडा उरला होता, आणि तिसरा आग्रह झालेला नव्हता.

दारात मी पहिला बूट घातला, तुझा फोन वाजून थांबला, आणि व्हर्लिन दार धरून म्हणाले, "मग, न्यूयॉर्कला केव्हा निघतेस?"

"मी कुठे निघाले? मी त्यांना नाही म्हटलं."

"हो, आर्लीननं सांगितलं मला. एकदाच म्हटलंस ना." ते माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. "एकदा नाही म्हणजे जायचं आहे. ती म्हणाली, पोरीच्या वाटेत येऊ नये. तिसऱ्यांदा विचारलं तर तिला आमच्या भिडेखातर हो म्हणावं लागेल."

म्हणजे बघ. ज्याला मी नाही म्हटलं त्याने खरं मानलं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी खोटं मानलं. सभ्य माणसांच्या तावडीत सापडलं की सुटका नसते.

मी तशीच आत गेले, एका पायात बूट, दुसऱ्या पायातला मोजा दारातल्या वितळलेल्या बर्फाने चिंब, त्यांच्या पुसलेल्या फरशीवरून. आर्लीनबाई बशी धूत होत्या.

"मला स्टुडिओ हवा आहे," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं नाहीत तरी हवा आहे. पहिल्या वेळीही हवा होता."

त्यांनी नळ बंद केला. बशी पुसली, जागेवर ठेवली, फडकं घडी करून टांगलं. मला वाटलं आता हवामान येणार.

"वरच्या मजल्याचा हीटर रडतो," त्या म्हणाल्या. "रात्री उगाच घाबरशील. आणि मागचं दार जरा उचलून लावायचं असतं. लुथरन चर्चवाले पैसे वेळेवर देतात, पण नमुना चारदा बदलतात. त्यांच्याशी भांडायचं नाही."

"नाही भांडणार."

"भांडशील," त्या म्हणाल्या. "भांडायला हवं होतं कोणीतरी. मला कधी जमलं नाही." मग त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "मोजा ओला झाला तुझा. व्हर्लिनचे घालतेस का?"

मी पहिल्याच वेळी हो म्हटलं. त्या एवढ्या खूश झाल्या की सोबत हॉटडिशही बांधून दिली.

तेव्हा आत्या, मी इथेच राहते आहे. काळजी करू नकोस. सगळ्यांना नमस्कार, आणि तुला मनापासून मिठी.

तुझी,
रेनाटा

ता. क. लिपकिन मासा वाढून घेताना वळून म्हणाले, "आईला सांगतो, तू नाही म्हणालीस म्हणून. गुरुवारी पत्त्यांना तुझी आत्या येते ना, तिला तीच कळवेल." तेव्हा पडद्याबद्दल मी खरं बोलले म्हणून त्यांनी मला विचारलं, हा माझा समज तेवढ्यापुरताच टिकला. मी रागावलेले नाही. पण मला ही नोकरी द्यावी म्हणून तू त्यांच्या आईला, सिल्व्हिया लिपकिनबाईंना, काय कबूल केलं होतंस ते मला कळव, म्हणजे निदान तेवढं तरी आपण पाळू.

ता. क. २. वरची खोली तू माझ्यासाठी पुन्हा रंगवलीस हे मला बाबांनी सांगितलं. ती तुझ्या कार्मिनला दे. तो लाजून मागत नाही. आणि माझं तिरकं चित्राचं टेबल कोणाबरोबर तरी इकडे पाठव.

ता. क. ३. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. जूनमध्ये स्टुडिओ माझ्या नावावर होईल, तेव्हा घरचं कोणीतरी असावं असं आर्लीनबाईंचं म्हणणं आहे. तुझ्या आत्याला बोलव, म्हणाल्या. तुझ्या वतीने मी दोनदा नाही म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यामुळे आता तुला यावंच लागेल. येताना स्वेटर आण.

सकाळी: बर्फामुळे काल पत्र टाकता आलं नाही. आज स्टुडिओत गेले तर दाराजवळची पहिली खुंटी, जिच्यावर इतकी वर्षं आर्लीनबाईंचा कोट असायचा, ती रिकामी होती. त्यांचा कोट दुसऱ्या खुंटीवर होता, आणि त्या आत गांडुळांच्या डब्यांचे नमुने लावत होत्या. मी माझा कोट पहिल्या खुंटीवर अडकवला आणि कामाला बसले.