बठ्ठी खोला

राजेश्री रूपचंदभाऊ यांस, कोरीटहून तुमचा मेहुणा सुकलाल याचा रामराम. तुमच्या कमरेची कळ उतरली असेल, म्हैस लाथा न मारता दूध देत असेल आणि घरात सगळे खुशाल असतील, असं धरून चालतो. इकडे माझी तब्येत बरी आहे. फक्त मोटार सुरू करायचं हँडल उलटं फिरून उजव्या अंगठ्यावर बसल्यामुळे अक्षर असं आलं आहे. सांभाळून वाचावं.

तुमची बहीण आखाजीच्या सणाला नंदुरबारला माहेरी आली ती अजून तिथेच आहे, हे मी सांगायला नको (जेवायला तुमच्याच पंगतीला असते). पण का आहे, हे तिने कसं रंगवून सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून खरी हकिकत लिहितो. मिलिटरीच्या लिलावातली ती मोठी मोटार मी घेतली, ती धुळ्यापासून कोरीटपर्यंत स्वतःच्या चाकांवर आली आणि आमच्या चिंचेखाली जी थांबली ती थांबलीच. वत्सला बैलगाडीत बसून निघाली तेव्हा मी चारचौघांत बोलून गेलो, की तुला न्यायला येईन तर याच मोटारीतून, नाहीतर येणार नाही. त्यावर ती म्हणाली, "मंग काय, मी दिवाईपावत माहेरलेच!" सगळी गल्ली हसली. आमचे बैलसुद्धा मान हलवत होते. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण मी पुन्हा सगळ्यांदेखत म्हणालो, शब्द तो शब्द.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. मोटारीखाली उताणा पडलो होतो, नुसते पाय बाहेर. तेवढ्यात सुरतेकडे निघालेला एक ट्रकवाला पाणी प्यायला थांबला. त्याने मोटार पाहिली, हिंदीत काहीतरी बोलला आणि गेला. आमचा सालाने ठेवलेला गडी दगा वाकून मला म्हणाला, "आबा, तो सांगस, बठ्ठी खोला." आता आपल्या बोलीत बठ्ठी म्हणजे सगळी, यात शंका घ्यायला जागा कुठे आहे? आम्ही सगळी खोलली. इंजिनाचा एकेक तुकडा काढला आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने गोधडीवर मांडला, म्हणजे बसवताना उलट्या टोकाने सुरुवात करायची (ही युक्ती माझी स्वतःची आहे, दगाची नाही). मग मी जेवायला गेलो.

आमची आई, भुरीबाई, तुम्हाला माहीतच आहे. काळं भांडं तिला बघवत नाही. मी जेवून येईपर्यंत तिने अख्खं इंजिन चिंचेने आणि राखेने घासून, विसळून, लहानमोठ्याच्या हिशेबाने उतरंडीसारखं रचून ठेवलं होतं. वर मलाच म्हणाली, "इतलं घाण व्हतं, मंग कसं चाली?" लखलखत होतं, हे खरं आहे.

त्यानंतर मी आणि दगाने इंजिन अंदाजाने बसवलं. पाटीभर सामान उरलं. त्यातली एक स्प्रिंग आईने खुराड्याच्या दाराला लावली आहे, दार छान मिटतं. एवढं झाल्यावर तोच ट्रकवाला परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी प्यायला आला, पाटीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे सेठ, बैटरी बैठी है बोला था! बैटरी खोलो बोला था!" भाऊ, त्या वेळी मला दगाचा राग यावा की ट्रकवाल्याचा की हिंदीचा, तेच कळेना. बॅटरी बैलगाडीत घालून तुमच्याच गावाहून भरून आणली (तुमच्या घरावरून गेलो नाही, मागच्या रस्त्याने गेलो). आता हॉर्न फार सुरेख वाजतो. बाकी काही होत नाही.

वैताग आला आहे. मिरगाचा पाऊस लागला की आमच्या काळ्या मातीच्या वाटेवर चाक फिरणार नाही, आणि मग खरंच दिवाळी उजाडेल. घरात करमत नाही, हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही. पण शब्द तो शब्द. येत्या सोमवारी मी मोटार घेऊन येतो आहे, काळजी नसावी. मुलांना पापा, वहिनींना नमस्कार.

तुमचा,
सुकलाल

ता.क. सोमवारी दुपारी तुमच्या गल्लीच्या अलीकडे, लिंबाखाली, दोन धट्टेकट्टे गडी उभे करावेत. मोटारीपुढे आमचे बैल जुंपलेले असतील, ते सोडून गुपचूप मागच्या आवारात बांधावेत. तिथून तुमच्या दारापर्यंत उतार आहे, मोटार आपोआप येईल. मी हॉर्न वाजवीन. वत्सलेला यातलं काही कळू देऊ नये.

ता.क. दुसरा. वरचं लिहिलेलं दगाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आबा, आनि वापस कसं येवानं?" याचा विचार मी केला नव्हता. तेव्हा गडी ठेवू नयेत. बैल दारापर्यंत येतील. वत्सलेला हे सगळं पत्र वाचून दाखवावं, आणि सांगावं की हसायचं तेवढं सोमवारपर्यंत हसून घे, पण निघायची तयारी ठेव. तिच्या बाजूची काच वरखाली होते. तेवढी मी स्वतः दुरुस्त केली आहे.