खिडकीवरचा निळा पडदा

मंगळवार, संध्याकाळ. कोराडी.

आज आमच्या सातवीचा जपानमधल्या एका वर्गाशी व्हिडिओ कॉल होता. आपल्या वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं, एवढंच सांगायचं होतं. आमच्या खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तसलं नको. म्हणून काल मीच स्नेहसंमेलनाचा निळा पडदा खिडकीवर लावला आणि मुलांकडून संत्र्याच्या बागेवर इंग्रजीत आठ ओळी पाठ करून घेतल्या.

तिकडच्या मुलांनी सरळ खिडकी उघडली. सायकली, गंजलेला पत्रा, कुणाचे तरी वाळत घातलेले मोजे. आमची मुलं एका सुरात संत्री म्हणत राहिली. मग तिकडच्या एका मुलीनं विचारलं, पडद्यामागे काय आहे? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलांना पुढची ओळ म्हणायची खूण केली. का? कोण खाणार होतं मला?

कॉल संपल्यावर पल्लवी जवळ आली. "मॅडम, खिडकी काहून झाकली? माहे बाबा तिथंच काम करतात. मले तेच सांगायचं होतं."

तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या, खुशीत. पडदा छान दिसला म्हणाल्या, आता कायमचाच राहू द्या.

मी "हो" म्हटलं. पल्लवी तिथेच उभी होती.